कॅमेऱ्याला ‘ती आली नाही’ कसं सांगायचं? लेखन आणि चित्रपटाच्या नात्याबद्दल

अर्धविराम

लेखन आणि चित्रपट असा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. कादंबरी सरस की तिच्यावरचा चित्रपट, ही एक वाट. चित्रपट लेखकाचा की दिग्दर्शकाचा, ही दुसरी. दोन्हींवर पुष्कळ बोलून झालं आहे. मला व्याकरणापासून सुरुवात करायची आहे.

मी कथा लिहिते आणि काही वर्षांपासून लघुपटांच्या पटकथाही लिहिते. कथेत हातातून सहज उतरणारी काही वाक्यं पटकथेत शिरायलाच तयार नसतात. उदाहरणार्थ, ‘तो रोज संध्याकाळी नदीवर जायचा.’ कॅमेरा लावला की त्यात एक संध्याकाळ दिसते. एक माणूस नदीकडे चाललेला दिसतो. ‘रोज’ दिसत नाही, आणि ‘जायचा’ तर नाहीच नाही.

दुसरं वाक्य: ‘ती आली नाही.’ रिकाम्या दाराचा शॉट घेता येईल. पण तो फक्त दाराचा शॉट झाला. ती येणार होती, हे त्या चित्रात कुठेही नाही.

तिसरं: ‘तो म्हणे एकेकाळी मोठा गवई होता.’ ही ऐकीव गोष्ट. पण त्याला गाताना दाखवलं की पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते घडलंच. आणि चौथं: ‘तिला कदाचित आधीपासून ठाऊक असावं.’ हे कुठल्या भिंगातून टिपणार?

सवय, नकार, ऐकीव आणि शंका. मराठी गद्य ही चारही कामं एखाद्या क्रियापदाच्या रूपावर नाहीतर एका अव्ययावर भागवतं. कॅमेऱ्याजवळ एकच काळ आहे, आत्ता चाललेला. आणि एकच विधान आहे: हे आहे. जे आहे ते तो इतक्या ठामपणे दाखवतो की त्याच्या तोंडून ‘नाही’, ‘बहुधा’, ‘असायचं’ वदवून घेण्यासाठी सगळी रचना नव्याने करावी लागते.

ही रचना करणं हेच चित्रपटातलं लेखन, असं मला ठामपणे वाटतं. संवाद हा त्यातला लहान भाग. कोणती गोष्ट आधी दिसणार, ती किती वेळ टिकणार, आणि ती दिसत असताना कोणाला काय माहीत असणार, हे ठरवणं म्हणजे लिहिणं. मग ते टेबलावर ठरो, सेटवर ठरो की संकलनाच्या खोलीत.

सवयीचं पाहा. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) नवरा-बायकोच्या न्याहारीचा प्रसंग आहे. टेबल तेच, माणसं तीच. कपडे बदलतात, बोलणं तुटक होत जातं, आणि शेवटी ती त्याच्यासमोर बसून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र वाचत असते. कितीतरी वर्षांचा संसार दोनेक मिनिटांत मोडतो. ‘ते हळूहळू एकमेकांशी बोलेनासे झाले’ या वाक्यातलं ‘हळूहळू’ इथे तुकड्यातुकड्यांनी बांधलेलं आहे.

शांताल आकेरमनने ‘झान दीलमान’मध्ये (१९७५) याच्या अगदी उलट केलं. एका विधवेचे तीन दिवस, आणि चित्रपटाची लांबी २०१ मिनिटं. तिचं घरकाम जवळजवळ पूर्ण वेळ घेत आपल्यासमोर चालतं. पहिल्या दिवशी आपण फक्त बघतो. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि आपल्या छातीत धस्स होतं. एवढ्याशा गोष्टीने ते होतं, कारण पहिल्या दिवसाने आपल्याला ‘रोज’ शिकवलेलं असतं. वेल्सने वेळ आवळली, आकेरमनने ती सैल सोडली, आणि दोघांनी ‘रोज’ मिळवलं. हे दोन्ही निर्णय मला लेखकाचे वाटतात.

ऐकीव गोष्टींसाठी अर्थात कुरोसावाचा ‘राशोमोन’ (१९५०). जपानी लेखक अकुतागावाची जी मुख्य कथा त्यात घेतली आहे, ती एकाच खुनाच्या चौकशीत दिलेल्या जबान्यांची आहे. ऐकणारा अधिकारी आपल्याला भेटत नाही. कुरोसावा आणि त्याचा सहलेखक हाशिमोतो यांनी ही गोष्ट तशीच राखली. साक्षीदार कॅमेऱ्याच्या दिशेला तोंड करून बसतात, न्यायाधीश दिसत नाही, त्याचा आवाजही नाही. ऐकणाऱ्याच्या जागी आपण बसतो. कॅमेरा कुठे ठेवायचा याचं उत्तर त्या कथेच्या घडणीतच होतं, आणि ते तिथे आहे हे ओळखणं ही केवढी मोठी वाचनाची ताकद आहे! शिवाय प्रत्येक जबानी तेवढ्याच ठामपणे दिसते. कॅमेरा ‘हे आहे’ असं चार वेळा म्हणतो आणि चारही वेळा वेगळं दाखवतो, म्हणून आपला विश्वास डळमळतो. शंका अशी तयार होते.

तुमच्या लिहिण्यात, पाहण्यात किंवा कामात अशी अडून बसलेली वाक्यं आली आहेत का? आणि ती कशी सोडवली?

हस्तलिखित

सुंदर मांडणी. पण माझा मुद्द्यालाच विरोध आहे, तो मांडतो.

तुम्ही म्हणता, चित्रपटाला जे येत नाही ते रचनेने मिळवता येतं. माझ्या मते काही गोष्टी मिळतच नाहीत, आणि त्या नेमक्या मोलाच्या असतात. ‘पथेर पांचाली’चं उदाहरण घेतो, कारण मूळ आणि चित्रपट दोन्ही थोर आहेत. बिभूतिभूषणांच्या कादंबरीत दुर्गा आगगाडी कधीच पाहत नाही. भावंडं रूळ शोधायला निघतात आणि न पाहता परत येतात. पुढे ती आजारी पडते, आणि बरी झाले की मला एकदा आगगाडी दाखवशील का, असं अपूला विचारते. ती बरी होत नाही. ही ‘न पाहिलेली आगगाडी’ वाचकाच्या मनात कादंबरी संपेपर्यंत आणि नंतरही राहते.

सत्यजित राय यांच्या चित्रपटात (१९५५) काय आहे? पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतातून धावणारी दोन मुलं आणि धूर सोडत जाणारी गाडी. जगभर वाखाणलेला प्रसंग. पण कादंबरीतला नकार तिथे होकार झाला. तुमच्याच शब्दांत, कॅमेऱ्याला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

इंगमार बर्गमनने १९६० साली निघालेल्या आपल्या पटकथांच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्पष्टच म्हटलं होतं की चित्रपटाचा साहित्याशी संबंध नाही. त्याचं नातं संगीताशी अधिक जवळचं. ज्याच्या पटकथा साहित्य म्हणून वाचल्या जातात, त्या माणसाने हे म्हणावं याला वजन आहे.

अर्धविराम

हस्तलिखित, आगगाडीचं उदाहरण तुम्ही काढलंत याचा फार आनंद झाला. तो प्रसंग पुन्हा पाहा. धावताना दुर्गा अडखळून पडते. अपू पुढे जातो, रुळांपर्यंत पोचतो आणि गाडी त्याला जवळून दिसते. ती मागे राहिलेली असते. राय यांनी गाडी आणली, पण ती दोघांना सारखी दिली नाही. कादंबरीतला नकार पूर्ण पुसला गेलेला नाही. तो एका ठेचेत उरला आहे.

ठेच आणि ते शेवटचं विचारणं यांची तोलामोलाची बरोबरी होते असं मी म्हणणार नाही. विचारणं वाचताना जे होतं ते मलाही होतं. पण ‘ती मागे राहिली’ हे पुढच्या सगळ्या गोष्टीचं बीज आहे, आणि ते बोलून न दाखवता पेरलं आहे.

आणखी एक. कादंबरीत घरातली म्हातारी इंदिर ठाकरुण सुरुवातीलाच मरते. चित्रपटात राय तिला बराच काळ जगवतात आणि तिचा मृत्यू मुलांच्या पुढ्यात आणतात. गाडी पाहून परतताना ती त्यांना दिसते. नवं जग आणि पहिला मृत्यू एकाच दुपारी. दोन्ही घटनांची सामग्री कादंबरीने दिली, त्यांचं शेजारपण राय यांनी लिहिलं. विशेष म्हणजे त्यांच्याकडे रूढ अर्थाची पूर्ण पटकथा नव्हती. चित्रं आणि टिपणं असलेली वही होती. तरी मी याला लेखनच म्हणेन.

कातर

मी संकलक आहे. धागा वाचून राहवलं नाही.

कुलेशोव्हचा चेहऱ्याचा प्रयोग (चेहरा तोच, पण शेजारचा शॉट बदलला की त्यावरचा भाव बदललेला वाटतो) इथे सगळ्यांना माहीत असेल, त्यावर जास्त बोलत नाही. त्यातून लोक ‘अर्थ संकलनात तयार होतो’ एवढंच घेतात. माझ्या रोजच्या कामातला प्रश्न जरा वेगळा असतो: हा शॉट येईल तेव्हा बघणाऱ्याला किती माहीत असावं?

एका लघुपटात वडील-मुलीचं भांडण होतं आणि वडिलांनी लिहिलेलं एक पत्र होतं. पटकथेत मुलगी आधी पत्र वाचते, मग भांडते. चित्रीकरण तसंच झालं. जोडल्यावर भांडण ओरडाओरडीचं आणि पोकळ वाटायला लागलं. सगळ्यांना वाटलं अभिनय कमी पडला. मी पत्र भांडणानंतर टाकून पाहिलं. संवादात एका अक्षराचा फरक नव्हता, पण आता भांडताना वडिलांना जे ठाऊक आहे ते तिला नाही आणि आपल्यालाही नाही. मग पत्र येतं आणि आपण मनात ते सगळं भांडण पुन्हा ऐकतो. तेव्हा अभिनय कमी नव्हता हेही कळतं. लेखिका शेजारी बसली होती. तिने लगेच पत्रातली दोन वाक्यं बदलली, कारण आता त्या पत्राचं काम बदललं होतं. मूळ पत्र मुलीला चिडवण्यासाठी लिहिलेलं होतं. आता त्या पत्राने भांडणाला उत्तर द्यायचं होतं. पत्राचा आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केला.

म्हणून लेखकांना माझी कळकळीची विनंती: संकलनाच्या खोलीत या. शेवटचा खर्डा तिथे होतो, आणि तो लेखकाशिवाय होतो ही आपल्याकडची सर्वांत मोठी गैरसोय आहे. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) मधलं निवेदन मायकेल हेर यांनी चित्रीकरण झाल्यावर लिहिलं. व्हिएतनाममध्ये वार्ताहर म्हणून राहिलेला माणूस; तयार दृश्यं समोर ठेवून त्याने त्या सैनिकाला आवाज दिला. ते निवेदन काढून तो चित्रपट मनात पाहायचा प्रयत्न करा.

हस्तलिखित

कातर, निवेदनाची आठवण काढलीत म्हणून विचारतो. पडद्यामागून बोलणारा आवाज म्हणजे चित्रपटाने साहित्याकडून घेतलेली उसनवारी नाही का? दृश्याने झालं नाही की आवाज आणायचा. पटकथेच्या शिकवण्यांमध्येही तो टाळायला सांगतात असं ऐकून आहे.

अर्धविराम

सांगतात खरं, आणि बऱ्याचदा योग्यच सांगतात, कारण दिसतं तेच आवाज पुन्हा सांगत बसतो. पण या वादाचा एक जुना आणि फार उपयोगी दाखला आहे.

फ्रान्समध्ये चाळीसच्या दशकात कादंबऱ्यांवरून चित्रपट लिहिणारी एक नावाजलेली जोडी होती, ओरांश आणि बोस्त. त्यांची पद्धत अशी, की कादंबरीतला जो प्रसंग ‘चित्रित होण्याजोगा नाही’ त्याच्या बदल्यात तोलाचा दुसरा प्रसंग रचायचा. १९५४ साली तरुण त्रुफोने (तेव्हा समीक्षक, पुढे दिग्दर्शक) एका लेखात या पद्धतीवर कडाडून हल्ला केला. त्याचा सवाल साधा होता: चित्रित होण्याजोगा नाही, हे ठरवलं कोणी? त्याने दाखला दिला बेर्नानोसच्या ‘एका खेड्यातल्या पाद्र्याची रोजनिशी’ या कादंबरीचा. ओरांशने तिचं केलेलं रूपांतर बेर्नानोसने नाकारलं होतं. पुढे त्याच कादंबरीवर दिग्दर्शक ब्रेसाँने १९५१ साली चित्रपट केला, आणि त्यात असे प्रसंग सरळ घेतले.

त्याने काय केलं पाहा. वहीवर लिहिणारा हात दिसतो. तेच शब्द आवाजात ऐकू येतात. मग तीच गोष्ट घडताना दिसते. शिकवणीच्या हिशेबाने ही पुनरुक्ती. पण पाद्रीबुवा जे लिहितात आणि जे घडतं, यांच्यात केसाएवढी फट राहते, आणि त्या फटीतून त्यांचं मन दिसतं. ब्रेसाँने मन दाखवायचा आटापिटा केला नाही. लिहिण्याची क्रिया दाखवली. क्रिया कॅमेऱ्याला येते.

नवशिकी

मी पटकथालेखन नुकतंच सुरू केलं आहे. प्रश्न साधा आहे, इथे विचारला तर चालेल ना? एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब मराठीत लागू पडतो का? आणि क्रियेच्या ओळींत ‘त्याला जुने दिवस आठवतात’ असं लिहिलं तर सगळे तुटून पडतात. मग लिहायचं काय?

कातर

जरूर विचारा. तो हिशेब इंग्रजीतल्या ठरलेल्या मांडणीवर बेतलेला आहे, कुरिअर टंक, १२ पॉइंट, ठरलेले समास. देवनागरीत टंक आणि ओळींचं अंतर बदललं की तो हलतो. इंग्रजीतही तो फक्त सरासरीने खरा. ‘दोन सैन्यं भिडतात’ ही एक ओळ पाच मिनिटं खाईल, आणि फटाफट संवादाचं पान अर्ध्या मिनिटात उडेल. वेळ मोजायची तर मोठ्याने वाचा, क्रियासुद्धा मनात पूर्ण करत वाचा, घड्याळ लावून.

आठवण्याबद्दल अर्धविराम सांगतील.

अर्धविराम

‘त्याला जुने दिवस आठवतात’ यात अडचण ‘आठवतात’ची नाहीच, ‘जुने दिवस’ची आहे. ते फार मोघम आहे. कोणता दिवस? त्यातली कोणती वस्तू आज त्याच्यासमोर आली? ती पाहून तो काय करतो, किंवा करता करता काय थांबवतो? हे ठरलं की ओळ आपोआप लिहिता येते.

मूकपटांच्या काळातला कार्ल मायर हा पटकथालेखक जरूर अभ्यासा. मुर्नाऊचा ‘द लास्ट लाफ’ (१९२४) त्याने लिहिला. पडद्यावर मजकुराच्या पाट्या लावायची तेव्हा सर्रास पद्धत होती. या चित्रपटात अशी पाटी एकच, शेवटाकडे येते. एका मोठ्या हॉटेलचा वयस्क दरवान, त्याचा रुबाबदार गणवेश. त्याला दारावरून काढून स्वच्छतागृहात नेमतात. ‘तो आता दरवान राहिला नाही’ हे कसं सांगितलं? गणवेश काढून घेतात. आणि ‘घरच्यांना त्याने हे सांगितलं नाही’? तो गणवेश चोरतो आणि घालून घरी जातो. दोन नकार, दोन्हींचा भार एका कोटावर.

एवढं मात्र मनावर घ्या: ‘दिसेल तेवढंच लिहा’ हा नियम दगडावरची रेघ नाही. एखाद्या ओळीत नटासाठी, छायालेखकासाठी भाव लिहावा लागतो. ‘तो हसतो, पण उशिरा’ यातला ‘उशिरा’ हा भावही आहे आणि वेळही.

ध्वनिलहर

सगळे कॅमेऱ्याबद्दलच बोलत आहेत, म्हणून ध्वनीच्या बाजूने लिहितो. नकाराचं काम आवाजाकडून किती सहज होतं! जो आवाज यायला हवा तो न येणं, हा पडद्यावरचा सर्वांत स्पष्ट ‘नाही’ आहे. पण त्यासाठी तो आवाज आधी दोन-तीनदा ऐकवलेला असावा लागतो, आणि ती तरतूद पटकथेतच करावी लागते. शेवटच्या टप्प्यावर माझ्याकडे येऊन ‘इथे शांतता हवी’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आधी काही ऐकवलंच नसेल तर ती शांतता कशाची?

‘पथेर पांचाली’चा विषय निघालाच आहे तर दुर्गेचा बाप हरिहर परत येतो तो प्रसंग घ्या. दुर्गा गेली आहे हे आपल्याला माहीत, तिच्या आईला, सर्वजयेला माहीत, त्याला नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो आणि दुर्गेसाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजयेचा बांध फुटतो. पण तिचं रडणं ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. कोणाला काय ठाऊक, याचा जो मुद्दा धाग्याच्या सुरुवातीला आहे, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मानवी आवाज तिथे असता तर आपण तिचं दुःख बाहेरून पाहिलं असतं.

आणि आगगाडी! ती दिसण्याच्या कितीतरी आधी रात्री दुरून ऐकू येते. ‘गाडी रोज दुरून जायची’ हा रीतिभूतकाळ आवाजाने सांभाळला आहे. अर्धविराम, तुमच्या यादीतली ‘सवय’ आवाजाला कॅमेऱ्यापेक्षा बरी जमते, हे माझं मत नोंदवून ठेवा.

कोरीपाटी

माहितीपटांची बाजू सांगते. आमच्याकडे लेखन बरंचसं चित्रीकरणानंतर होतं, पण ‘रोज’ची अडचण तीच, उलट जास्त अवघड. कारण तिथे खरेपणाचा प्रश्न येतो. माणसाला म्हटलं ‘तुम्ही रोज करता तसं करा’, की तो कॅमेऱ्यासाठी करतो.

रॉबर्ट फ्लॅहर्टीचा कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट लोकांवरचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) घ्या. वॉलरसची शिकार त्याने भाल्यांनी करायला लावली, तेव्हा तिथल्या लोकांकडे बंदुका आलेल्या होत्या. बर्फाच्या घरात उजेड पुरेना म्हणून अर्धंच घर बांधून आतलं चित्रीकरण केलं. अर्धविराम यांच्या व्याकरणात सांगायचं तर ‘ते अशी शिकार करायचे’ हे वाक्य पडद्यावर ‘ते अशी शिकार करतात’ झालं. गद्यात एका प्रत्ययाचा फरक. चित्रपटात एका समाजाबद्दल जगभर पसरलेला समज. कॅमेऱ्याजवळ रीतिभूतकाळ नाही ही फक्त कलेतली अडचण नाही, तिच्यामुळे माणसांवर अन्यायही होतो. तिथे एक वाक्य, एक तारीख, एक आवाज टाकणं ही लेखकाची जबाबदारी आहे.

इराणी दिग्दर्शक किआरोस्तामीने ‘क्लोज-अप’मध्ये (१९९०) याला फार धीट उत्तर दिलं. एका माणसाने आपण प्रसिद्ध दिग्दर्शक आहोत असं भासवून एका कुटुंबात प्रवेश मिळवला, त्यावर खटला झाला. किआरोस्तामीने त्याच माणसांकडून ते प्रसंग पुन्हा करवून घेतले. फसवणारा, फसलेले, सगळे स्वतःच्याच भूमिकेत. ‘हे आहे’ आणि ‘हे असं झालं होतं म्हणतात’ यांच्यातली रेषा प्रेक्षकाला सतत जाणवत राहते.

हस्तलिखित

कोरीपाटी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार करत होतो. अर्धविराम यांच्या मूळ म्हणण्याकडे मी थोडा सरकलो आहे. ठेचेच्या बाबतीतही.

पण आता उलट बाजूने एक मांडतो, कारण त्याची मला खरी काळजी वाटते. चित्रपटाचा लेखनावर झालेला परिणाम. गेल्या काही वर्षांत वाचनात येणाऱ्या किती कथा अशा आहेत, ज्या वाचताना पटकथा वाचतो आहोत असं वाटतं! वर्तमानकाळ. छोटे प्रसंग. दार उघडतं, तो आत येतो, ती वळून बघते. मग मोकळी ओळ, मग पुढचा प्रसंग. लिहिणाऱ्याला वाटतं याने लेखन ‘दृश्यात्मक’ झालं. कॅमेऱ्याला जे येत नाही म्हणून पटकथाकार इतकी मेहनत घेतो, ते सगळं गद्याला जन्मतः मिळालेलं आहे, आणि गद्यलेखक ते आपणहून टाकून देतो आहे.

‘आजोबा पावसाळ्यात कधीच लवकर उठत नसत, आणि उठलेच तर ते आजी गेल्याच्या तिथीला, असं आई सांगायची.’ आत्ता बसल्या बसल्या रचलेलं वाक्य आहे. यात सवय आहे, नकार आहे, ऐकीव आहे, तीन पिढ्या आहेत. हे पडद्यावर आणायला किती मिनिटं लागतील? कथाकाराने ही श्रीमंती का सोडावी?

अर्धविराम

शंभर टक्के सहमत. दोन्ही लिहिणारी म्हणून सांगते, पटकथेने माझ्या कथेला दिलेलं देणं ‘दृश्य’ हे नाहीच. कथेत मी आता जास्त सांगते, कमी दाखवते. पटकथेत एकेका ‘नाही’साठी झगडल्यावर गद्यातल्या ‘नसे’, ‘नसावं’, ‘येईना’ यांची किंमत कळली. ‘ती येईना’ आणि ‘ती आली नाही’ यांत वाट पाहण्याची लांबी वेगळी आहे, ती मला आधी जाणवायची नाही.

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या मिळून ‘सिंहासन’ (१९७९) झाला, पटकथा तेंडुलकरांची. एका कादंबरीलाच चित्रपट अपुरा पडतो असं आपण म्हणतो, तिथे दोन! राजकारण हा सगळा ऐकीव गोष्टींचा कारभार. तिथे सगळीकडे वावरणारा, सगळ्यांचं ऐकणारा बातमीदार दिगू आपल्याला लाभतो. गद्यातला निवेदक जे काम करतो त्यातलं पुष्कळसं काम पटकथेत एका पात्राच्या कानांवर सोपवता येतं.

नवशिकी

सगळे प्रतिसाद वाचून ‘ती आली नाही’ लिहायचा प्रयत्न केला. कृपया स्पष्ट मत द्या.

‘फोटो स्टुडिओ. आत. दिवस. एक कुटुंब ग्रुप फोटोसाठी उभं. मधल्या रांगेत एका माणसाची जागा रिकामी. आई: ताई अजून आली नाही. छायाचित्रकार घड्याळ बघतो. सगळे दाराकडे बघतात. दार बंद. छायाचित्रकार: जरा जवळ सरका. सगळे सरकतात. जागा भरते. फ्लॅश.’

कातर

जागा भरते ही कल्पना उत्तम आहे, ती धरून ठेवा. नकार दिसतो आहे, आणि तो घडताना दिसतो आहे. आईचा संवाद काढा. जागा रिकामी ठेवून लोक उभे आहेत, एवढ्यावर कळतं. दाराचा शॉटही नको, त्यांचं बघणं पुरे.

पण आत्ता सगळ्यांना सारखंच माहीत आहे, म्हणून प्रसंग सपाट वाटतो.

ध्वनिलहर

दाराला घंटी द्या. सुरुवातीला दुसरंच कोणी गिऱ्हाईक येतं, घंटी वाजते, सगळे वळतात. नंतर ती वाजत नाही. फ्लॅशच्या आधीचे चार सेकंद मला द्या.

हस्तलिखित

गद्यात मी एकच लिहिलं असतं: ती येणार नाही हे धाकट्याला ठाऊक होतं. तसं काही करता येईल का?

नवशिकी

हस्तलिखित, मग धाकटा भाऊ घेते. सुरुवातीला तो फोन बघून खिशात ठेवतो. घंटी वाजते तेव्हा सगळे वळतात, तो वळत नाही. छायाचित्रकार ‘आणखी थांबू का?’ विचारतो, सगळे हो म्हणतात, तो गप्प. आणि ‘जवळ सरका’ म्हटल्यावर पहिला तोच सरकतो. फोनवरचा मजकूर दाखवू का? आणि हे एका शॉटमध्ये घ्यावं की तोडून?

अर्धविराम

फारच छान झालं आहे. मजकूर दाखवू नका. दाखवलात तर आपल्याला त्याच्याइतकंच कळतं आणि पुढे फक्त वाट बघणं उरतं. न दाखवता आपल्याला घंटीच्या वेळी पहिला संशय येतो, तो गप्प राहतो तेव्हा वाढतो आणि तो सरकतो तेव्हा खात्री होते. एका वाक्यातलं ‘ठाऊक होतं’ तीन पायऱ्यांत येतं. शंका आणि नकार दोन्ही मिळाले.

कातर

एकाच शॉटमध्ये, छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याच्या जागेवरून, सगळे समोर. धाकट्याचा क्लोजअप घेऊ नका; घेतलात तर मी तो वापरणार, आणि मग प्रेक्षकाला त्याला स्वतः शोधून काढावं लागणार नाही. त्याला मधल्या रांगेत रिकाम्या जागेला लागून उभा करा, म्हणजे सरकणं अर्ध्या पावलाचं राहील. फोन खिशात ठेवण्याची क्रिया मात्र पहिल्या दहा सेकंदांत उरका, लोक अजून जागा घेत असताना. दुसरा खर्डा इथेच टाका.